घरचा हिशेब : मीटरला डोळे असतात का?



या आठवड्यात खरं म्हणजे कडधान्यातल्या किडीबद्दल लिहायचं ठरवलं होतं. तशी पाच-सहा पत्रंही येऊन पडली आहेत. पण साताऱ्याहून आलेलं एक पत्र वाचलं आणि म्हटलं, मूग-मटकी थांबतील एक आठवडा. पत्र थोडं लांब आहे, त्यातला मुद्द्याचा भाग असा :

‘ताई, दिवाळीनंतर आमच्याकडे विजेचा नवा मीटर बसवला. बसवायला आले तेव्हा घरात मी एकटीच. दोन मुलं आली आणि पंधरा मिनिटांत जुना काढून नवा लावून गेली. आता ह्यांच्या मोबाइलवर युनिट येतात. नुसते दिवसाचे नाहीत, अर्ध्या अर्ध्या तासाचे. परवा जेवताना ह्यांनी विचारलं, दुपारी अडीच ते साडेतीन घरात एवढं काय चालू असतं? ताई, मी दुपारी आजूबाजूच्या बायकांच्या साड्यांना इस्त्री करून देते, फॉल-पिकोही करते. ह्यांना ते माहीत नाही. चार पैसे माझ्या हातात राहतात, त्यातून माहेरी आईच्या औषधाला पाठवते. मी म्हटलं, मिक्सर लावला होता. ह्यांना काही पटलं नाही. ताई, ह्या मीटरला डोळे असतात का? नाव छापू नका.’

नाव छापत नाही. गाव मोठं आहे, तेव्हा साताऱ्याच्या म्हटल्यानं काही बिघडणार नाही. आणि हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आपल्यातल्या ज्या पन्नाशीपुढच्या आहेत, त्यांना जुना मीटर चांगला आठवत असेल. जिन्याखाली किंवा दाराच्या वर लाकडी फळीवर बसवलेला काळा डबा, त्याच्या काचेतून दिसणारी ॲल्युमिनियमची चकती आणि चकतीवरची लाल खूण. गीझर लावला की चकती गरगर फिरायची, सगळं बंद केलं की थांबायची. महिन्या-दोन महिन्यांनी रीडिंगवाला यायचा. आमच्याकडे यायचा तो दारातूनच ‘लाइट मीटर!’ अशी आरोळी ठोकायचा, की आई ओल्या हातानं बॅटरी घेऊन धावायची, कारण जिन्याखाली अंधार. तो आकडे वहीत उतरवायचा, पाणी प्यायचा आणि पुढच्या घरी जायचा. पुढे वही जाऊन मीटरचा फोटो काढायची पद्धत आली. पण माणूस दारात येतो, हे काही बदललं नव्हतं.

आणि दार बंद असलं, की सगळा घोटाळा. सासऱ्यांच्या आजारपणात आम्ही तीन महिने मुंबईला होतो. तिन्ही वेळा बिलावर सरासरीचे युनिट पडले. परत आलो आणि चौथं बिल बघून मी मटकन खाली बसले! सगळी राहिलेली रीडिंगं एकदम आली होती आणि ती एकाच महिन्याची समजून वरच्या स्लॅबनं आकारली होती. आपल्याकडे घरगुती दर पायरीपायरीनं चढतात. पहिल्या १०० युनिटांचा दर वेगळा, १०१ ते ३०० चा वेगळा, त्यापुढे ५०० पर्यंतचा वेगळा आणि ५०० च्या वरचा आणखी वेगळा. चार महिन्यांचे युनिट चार महिन्यांत वाटूनच स्लॅब लावायला हवा. वीज कंपनीच्या कचेरीत दोन खेपा घातल्या तेव्हा ते दुरुस्त झालं. तुमच्याकडे असं झालं असेल तर गप्प बसू नका, लेखी अर्ज करा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

ही माणसाची फेरी वाचावी म्हणूनच आपोआप रीडिंग घेणारे मीटर निघाले. कल्पना तशी नवी नाही. थिओडोर पॅरास्केवाकोस नावाच्या ग्रीक गृहस्थानं अमेरिकेत, अलाबामातल्या हंट्सव्हिल या गावी त्यावर काम केलं आणि १९७७ मध्ये मेट्रेटेक नावाची कंपनी काढली. त्या वेळी मीटरचे आकडे टेलिफोनच्या तारेवरून जात. इटलीत २००० नंतरच्या पाच-सहा वर्षांत कोट्यवधी घरांत असे मीटर लागले. तिथे निरोप विजेच्याच तारेवरून जात असे. आपल्याकडे केंद्र सरकारनं २०२१ मध्ये जी योजना मंजूर केली, तिच्यात देशभर २५ कोटी मीटर बदलण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. आपल्याकडचे मीटर मुख्यतः बिनतारी बोलतात.

बोलतात म्हणजे काय? दोन तऱ्हा आहेत. एका तऱ्हेत मीटरच्या आत मोबाइलसारखं सिमकार्ड असतं आणि ते सरळ मोबाइलच्या टॉवरला निरोप देतं. दुसरी तऱ्हा मला फार आवडते, कारण ती अगदी आपल्या वाड्यासारखी आहे. प्रत्येक मीटरमध्ये एक छोटा रेडिओ असतो. त्याचा आवाज फार लांब जात नाही. म्हणून तुमचा मीटर शेजारणीच्या मीटरला सांगतो, तो पलीकडच्याला सांगतो आणि असा निरोप हातोहाती खांबावरच्या पेटीपर्यंत पोचतो. मधला एखादा मीटर बंद पडला तर दुसऱ्या घरावरून वाट काढतो. तिथून पुढे तो वीज कंपनीच्या कॉम्प्युटरकडे जातो. या कामासाठी आपल्या देशात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झच्या लहरी परवान्याशिवाय वापरता येतात. आकडे सांकेतिक भाषेत बांधून पाठवतात. त्यामुळे निरोप शेजारणीच्या मीटरमधून गेला तरी शेजारणीला तो वाचता येत नाही. (सगळेच निरोप असे गेले असते तर गल्लीतली निम्मी भांडणं मिटली असती.)

कोल्हापूरच्या एका वाचक भगिनींनी विचारलंय की या लहरींचा बाळाला त्रास होईल का, कारण मीटर पाळण्याच्या खोलीबाहेरच आहे. मीटर सारखा बोलत नसतो. थोडा वेळ छोटा निरोप देतो आणि गप्प बसतो. शिवाय आपण मोबाइल कानाला चिकटवून अर्धा अर्धा तास बोलतो आणि मीटर भिंतीपलीकडे असतो. अंतर वाढलं की लहरींचा जोर झपाट्यानं कमी होतो. पाळणा हलवू नका. बाळाच्या उशाशी मोबाइल मात्र ठेवू नका.

आता साताऱ्याच्या बाईंच्या प्रश्नाकडे येते. मीटरला काय कळतं आणि काय नाही?

त्याला कळतं ते असं : दर पाव किंवा अर्ध्या तासात घरात एकूण किती वीज गेली, विजेचा दाब किती होता, एका वेळी जास्तीत जास्त किती भार आला, वीज कधी गेली आणि कधी आली, आणि कुणी मीटरचं झाकण उघडलं का. बस्स. घरात कोण आहे, काय बोलतंय, कोणत्या खोलीत दिवा आहे, हे त्याला कळत नाही. इस्त्री आणि मिक्सर यांतला फरकही त्याला नावानिशी माहीत नाही. त्याच्या लेखी दोन्ही म्हणजे नुसती वीज.

पण, आणि हा ‘पण’ मी लपवणार नाही, आकड्यांवरून अंदाज बांधता येतो. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत जॉर्ज हार्ट या संशोधकानं १९८० च्या दशकात हेच करून दाखवलं. घराबाहेरच्या एकाच मीटरवर भार किती उडी मारून चढतो आणि उतरतो हे बारकाईनं टिपलं, की फ्रिज कधी लागला, हीटर कधी बंद झाला हे ओळखता येतं. विशेष म्हणजे त्यानंच १९८९ मध्ये लेख लिहून इशाराही दिला होता, की या युक्तीनं लोकांच्या घरात डोकावता येईल. नेदरलँड्समध्ये तर २००९ साली संसदेच्या वरिष्ठ सभागृहानं असे मीटर सक्तीचे करणारा कायदा अडवून धरला. कारण हेच, की घरातल्या माणसाची दिनचर्या बाहेर जाते. नंतर मीटर नाकारण्याची मुभा ठेवून कायदा झाला. तेव्हा बाई, तुम्हाला जी धास्ती वाटली ती वेडगळ नाही. शहाण्यासुरत्या माणसांना पार्लमेंटात वाटली होती.

हार्टला मात्र सेकंदासेकंदाचा भार लागत होता. अर्ध्या तासाच्या एका आकड्यावरून यंत्राला फार काही सांगता येत नाही. तुमच्या घरी अंदाज बांधला तो मीटरनं नाही. घर ओळखणाऱ्या माणसानं बांधला.

मिक्सरची सबब का पटली नाही तेही सांगते. मिक्सर ५०० वॅटचा धरा. चटणी वाटायला पाच मिनिटं चालवला तर ०.०४ युनिट, म्हणजे काहीच नाही. इस्त्री १००० वॅटची. ती तापली की मधूनमधून आपोआप बंद होते, म्हणून तासाला पाऊण युनिटापेक्षा थोडं कमीच, ०.६५ धरू. तेवढी वीज मिक्सरनं खायची तर तो सव्वा तासाहून जास्त वेळ सतत चालवायला हवा. तोवर मोटर जळून घरभर वास सुटेल! ज्यांना आकडे बघायची सवय आहे त्यांना हे लगेच खटकतं.

आता त्याच आकड्यांनी तुमची बाजू मांडू. ०.६५ युनिट इस्त्रीचं आणि शिवणयंत्राची मोटर १०० वॅटची, तासाभराचं ०.१. मिळून ०.७५. महिन्यात २५ दिवस काम केलं तर १९ युनिटांच्या आसपास. युनिटला सगळं धरून १० रुपये पडतात असं समजू, म्हणजे महिन्याला १९० रुपये. हा तुमच्या धंद्याचा खर्च, तो वहीच्या डाव्या बाजूला लिहा. उजव्या बाजूला मिळकत लिहा. तुम्ही साडीमागे काय घेता ते लिहिलं नाहीत. पण एका दुपारी सहा साड्या झाल्या आणि साडीला २० रुपयेच घेतले, तरी दोन दिवसांत महिन्याची वीज फिटते. एक सांभाळा. तुमचं घर महिन्याला ९० युनिटांत बसत असेल, तर हे १९ युनिट तुम्हाला १०० च्या पुढे नेतील आणि वरच्या नऊ युनिटांना चढा दर पडेल. वरच्याच, सगळ्यांना नाही. हे बऱ्याच जणींना माहीत नसतं आणि १०१ वा युनिट पडला की आभाळ कोसळल्यासारखं वाटतं.

आणखी एक गंमत. महावितरणच्या ग्राहकांसाठी जुलै २०२५ पासून, ज्यांच्याकडे हे नवे मीटर आहेत अशा घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळातल्या वापरावर दरात सूट ठेवली गेली. दिवसा सूर्याची वीज मुबलक असते म्हणून. दर बदलत राहतात, तेव्हा आपल्या बिलावर ती ओळ आहे का, ते तपासून बघा. पण म्हणजे बघा, अडीच ते साडेतीन ही तुमची इस्त्रीची वेळ नेमकी स्वस्ताईची आहे! घरातल्या चार दिवसांच्या शर्ट-पँटींची इस्त्री, धुण्याचं मशीन, पाण्याचा पंप, जे जे दुपारी उरकता येईल ते दुपारीच उरकावं.

बाकीच्या पत्रांतला सूर एकच आहे, ‘नवा मीटर लागला आणि बिल वाढलं.’ त्याची कारणं निरनिराळी असतात. जुनी चकती झिजलेली, आळसावलेली असली तर ती बारीकसारीक वीज मोजतच नसे. टीव्हीचा डबा रात्रंदिवस लावून ठेवतो आपण. तो १२ वॅटचा धरला तरी महिन्याला आठ-नऊ युनिट होतात. नवा मीटर तेही सोडत नाही. कधी बदलताना जुन्या मीटरचा शेवटचा आकडा चुकीचा उतरवलेला असतो. म्हणून मीटर बदलायला कुणी आलं, तर ओळखपत्र बघा आणि जुन्या मीटरचा आकडा व नव्याचा सुरुवातीचा आकडा, दोन्हींचा फोटो काढून ठेवा. पावती मागा. घरात एकट्या असाल आणि मन धजत नसेल, तर ‘संध्याकाळी या’ म्हणायला काही हरकत नाही.

संशय आलाच तर घरच्या घरी एक परीक्षा करता येते. मीटरवर बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि जवळ एक आकडा छापलेला असतो, समजा ३२००. याचा अर्थ ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. मग १००० वॅटची थंड इस्त्री लावा आणि घड्याळ लावून एक मिनिट मोजा. ५३ च्या आसपास भरायला हवेत. दोन-चार इकडे-तिकडे चालतील, ८० भरले तर नाही. सगळं बंद असूनही लुकलुकत राहिला तर आधी वायरमनला बोलवा. पुष्कळदा जिन्यातला दिवा किंवा दुसऱ्या कुणाचा पंप आपल्या तारेवर निघतो.

एवढ्यानंही समाधान झालं नाही तर कायद्याचा आधार आहे. वीज ग्राहकांच्या हक्कांचे २०२० चे नियम आहेत, त्यांत फेब्रुवारी २०२४ मध्ये भर पडली. रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली, तर वीज कंपनीनं पाच दिवसांत शेजारी दुसरा, पडताळणीचा मीटर बसवायचा आणि निदान तीन महिने दोन्हींचे आकडे ताडून बघायचे. तक्रार तोंडी नको, लेखी करा. आणि ‘आधी पैसे भरा मग वीज’ या प्रीपेड पद्धतीबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांना एवढंच सांगते, की आपल्या राज्यात त्याला बराच विरोध झाला आणि जून २०२४ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर केलं. मीटर नवा असला म्हणजे तो प्रीपेडच असतो असं नाही. महिन्याला नेहमीसारखं बिल येत असेल, तर तुमचा प्रीपेड नाही.

साताऱ्याचं पत्र आलं त्याच दिवशी, योगायोग बघा, रत्नागिरीच्या एका आजींचंही आलं. पंचाहत्तरी ओलांडलीय, एकट्या राहतात. मुलगा पुण्याला. तो रोज सकाळी मोबाइलवर बघतो, की साडेसहाला गीझर लागला का. लागला की कामाला जातो. एक दिवस आजींनी गारच पाण्यानं आंघोळ केली, तर सव्वासातला शेजारच्या काकू दार ठोठावत हजर! आजी लिहितात, ‘मला मेलीला कुणीतरी मोजतंय, बरं वाटतं.’ तोच मीटर, तोच आकडा. आजींना विचारून, सांगून बघितला जातो, हा फरक.

साताऱ्याच्या बाई, जोडणी ह्यांच्या नावावर, म्हणून निरोप ह्यांच्या मोबाइलवर येतात. पण मीटर घराचा आहे. तेच आकडे तुम्हीही बघायला शिका. मोबाइलवर नसेल तर मीटरवरच्या पडद्यावर बघा. दुपारी कामाला बसण्यापूर्वी आणि उठल्यावर आकडा वहीत लिहा. इस्त्रीचं ह्यांना सांगायचं की नाही ते मी ठरवणार नाही. तुमचं घर तुम्हाला माहीत, आणि आईच्या औषधाचे पैसे मागून घेण्यात काय वाटतं ते मलाही माहीत आहे. मात्र मिक्सर पुन्हा सांगू नका. विचारलंच, तर ‘इस्त्री करते’ एवढं खरं उत्तर पुरे आहे. इस्त्री करणं काही चोरी नाही. पुढे विचारलं तर वही दाखवायची तयारी ठेवा, डावी आणि उजवी दोन्ही पानं. महिन्याचे विजेचे १९० रुपये तुम्ही आपणहून बिलाच्या पैशांत घातलेत, तर प्रश्न विचारणाऱ्याचाही आवाज बराच खाली येतो, असा माझा अनुभव आहे. आईच्या औषधाबद्दल मला पुन्हा लिहा. त्यावर वेगळं बोलू, आणि ते छापणार नाही. फक्त या वेळी पाकिटावर पत्ता घाला.

तुम्ही ताजा कलममध्ये विचारलंत, की मीटरवर जाड कापड टाकलं तर निरोप थांबेल का. नाही थांबणार. रेडिओच्या लहरी कापडातून सहज जातात. पत्र्याचा डबा वगैरे घालायच्या फंदात तर पडूच नका. निरोप पोचला नाही की तोच जुना सरासरीचा घोळ सुरू होईल, आणि त्याचं बिल कसं येतं ते मी वर लिहिलंच आहे.

किडीची पत्रं पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर मूग-मटकीला दोन उन्हं दाखवून ठेवा.